शांततेचं पहिलं बक्षीस

पनवेलमधल्या शाळांच्या एकांकिका तुम्ही कधी पाहिल्या असतील तर एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. नाटक छान धावत असतं. कुणी झाड तोडायला निघालेलं असतं, कुणी मोबाइलच्या नादाने वाया गेलेलं असतं, पोरं घसा फोडून बोलत असतात. आणि मग अचानक सगळं थांबतं. एक मूल पुढे येतं, विंगेकडे बघत उभं राहतं आणि काहीच बोलत नाही. बराच वेळ बोलत नाही. प्रेक्षकांतल्या आया श्वास रोखतात. एखादा नवखा बाप म्हणतो, "विसरला वाटतं." मग त्याची बायको त्याला कोपराने ढोसते. "गप्प बसा हो. ती शांतता आहे."

ही शांतता पनवेलच्या बालरंगभूमीवर मी आणली, असं मानलं जातं. गेल्या वर्षी त्याबद्दल माझा सत्कार झाला. 'शब्दांच्या पलीकडचं नाटक आपल्या मुलांना दाखवणारे ज्येष्ठ रंगकर्मी' असं निवेदिका म्हणाली आणि मी मान खाली घालून शाल घेतली. मान खाली घातली ती लोकांना नम्रता वाटली.

खरं काय झालं ते आता लिहून ठेवतो. मी झोपलो होतो.

आधी ज्येष्ठ रंगकर्मी कसा झालो ते सांगतो. मी बँकेत नोकरी केली. तरुणपणी इथल्या हौशी मंडळात नाटकांतून कामं केली. कामं म्हणजे हवालदार, शेजारी, मुलीकडचे पाहुणे, आणि एकदा पडद्यामागून येणारा आवाज. ज्यांनी नायकाची कामं केली ते एकेक करून गेले, किंवा मुलांकडे पुण्याला नाहीतर अमेरिकेला राहायला गेले. मी सुकापूरला फ्लॅट घेऊन इथेच राहिलो आणि तब्येत सांभाळली. शेवटी जुन्या नाटकवाल्यांपैकी पायऱ्या चढून स्टेजवर जाऊ शकणारा मी एकटाच उरलो, म्हणून ज्येष्ठ.

आंतरशालेय एकांकिका स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाचे कार्यवाह एक दिवस घरी आले. त्यांचं छपाईचं दुकान आहे, आणि फोन खांद्यात धरून ते एका वेळी दोन माणसांशी बोलतात.

"काका, परीक्षक म्हणून तुम्हीच हवेत. तुमच्यासारखा दुसरा माणूस नाही पनवेलात," ते मला म्हणाले, आणि लगेच फोनमध्ये म्हणाले, "हो, हो, बाकीचे सगळे नाहीच म्हणाले."

मी हो म्हणालो.

परीक्षक आम्ही तिघे. एक मी. दुसऱ्या एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांचा गुडघा आणि शिस्त दोन्ही कडक होती. तिसरा मालिकांमधून काम करणारा एक तरुण नट. तो कुठल्याशा मालिकेत खलनायकाचा मेहुणा होता आणि सभागृहातल्या निम्म्या आया त्याला बघायला आल्या होत्या. मुलांच्या नाटकांबद्दल त्याला काही विचारलं की तो म्हणायचा, "काका म्हणतील तसं."

सकाळची नाटकं मी नीट पाहिली, हे शपथेवर सांगतो. घोटाळा दुपारी झाला. परीक्षकांचं जेवण मंडळाच्या अध्यक्षांकडे असतं. परीक्षक अर्धपोटी राहिला तर मार्कही अर्धेच देतो, असा त्यांचा पक्का समज आहे. त्यांचे मेहुणे उरणजवळ मोरा बंदरात राहतात आणि स्पर्धेच्या दिवशी सकाळी धक्क्यावरून मासळी घेऊन येतात. त्या दिवशी पापलेटाचं कालवण, कोळंबी, तव्यावरून थेट पानात पडणाऱ्या तांदळाच्या भाकऱ्या आणि वर सोलकढी. मुख्याध्यापिकाबाई शाकाहारी होत्या. नट डाएटवर होता. त्यामुळे आग्रहाचा सगळा भार माझ्या एकट्यावर आला.

तिथून उठून आम्ही नाट्यगृहात येऊन बसलो. एरवी तिथला एसी कुरकुरत असतो. त्या दिवशी तो उत्तम चालला होता. अंधार, मऊ खुर्ची, गार हवा, पोटात कोळंबी. नेऱ्याच्या बाजूच्या एका गावातल्या शाळेचं नाव पुकारलं गेलं. तिसरी घंटा झाली. पडदा वर गेला. पुढचं मला आठवत नाही.

चालू पंखा बंद पडला की गाढ झोपलेल्या माणसालाही जाग येते, तसं माझं झालं. आवाज थांबला म्हणून मी जागा झालो. डोळे उघडले तर रंगमंचावर एकच मुलगी. अंगात खाकी शर्ट, एवढा मोठा की गुडघ्यापर्यंत आलेला. ती विंगेकडे बघत होती. बोलत नव्हती, हलत नव्हती. सगळं सभागृह चिडीचूप. त्यात मला जांभई आली. परीक्षकाने जांभई देणं बरं दिसत नाही, म्हणून मी तोंड घट्ट मिटून ती आतल्या आत दाबली. दाबलेली जांभई डोळ्यांतून बाहेर पडते. माझ्या गालांवरून पाणी ओघळलं आणि मी रुमालाने ते टिपलं.

बाजूच्या वाटेत कार्यवाह उभे होते. त्यांनी ते पाहिलं.

चहाच्या वेळेपर्यंत परीक्षक रडले ही बातमी शेवटच्या रांगेपर्यंत आणि तिथून बाहेरच्या वडापावच्या गाडीपर्यंत पोचली होती. मुख्याध्यापिकाबाई माझ्या जवळ सरकल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "खरं सांगू? मला वाटलं, पोर विसरली. पण तुमच्या डोळ्यांत पाणी पाहिलं आणि म्हटलं, आपल्यालाच कळत नसेल. हल्लीची नाटकं वेगळी असतात."

नट फोनमधून मान वर करून म्हणाला, "मी पण फील केलं, काका."

त्या वेळी "अहो बाई, ती जांभई होती" एवढं वाक्य मी बोललो असतो तर हा लेख लिहावा लागला नसता. पण हातात चहाचा कप होता, समोर आदराने बघणारी माणसं होती, आणि आयुष्यभर हवालदाराचं काम केलेल्या माणसाकडे लोक असं रोज बघत नाहीत. मी फक्त सुस्कारा सोडला. सुस्काऱ्याचाही त्यांनी अर्थ लावला.

संध्याकाळी निकालाआधी परीक्षकांचं मनोगत होतं. मी उभा राहिलो आणि त्या शांततेवर बोललो. आता अडचण अशी, की ती मुलगी पोलीस होती, पोस्टमन होती की सोसायटीचा वॉचमन, हे मला माहीत नव्हतं. म्हणून मी प्रत्येक वेळी 'ती खाकीतली मुलगी' म्हणत राहिलो. "त्या खाकीतल्या मुलीच्या नजरेत एका संपूर्ण गावाचं एकटेपण होतं," असंही मी म्हणालो. गाव हा शब्द मी अंदाजाने टाकला होता. तो बरोबर लागला. त्या शाळेच्या बाई पदराने डोळे पुसायला लागल्या. टाळ्या पडल्या. एवढं बोलल्यावर पहिलं बक्षीस दुसऱ्या कुणाला देणार? एकांकिका पहिली, अभिनयात ती मुलगी पहिली. मुख्याध्यापिकाबाईंनी मार्क वाढवले. नटाने माझे बघून लिहिले.

मुलगी बक्षीस घ्यायला वर आली. सहावीतली, काटकुळी, दोन घट्ट वेण्या. तिने करंडक घेतला आणि माझ्याकडे बघितलं. आनंदाने नव्हे. शेजारच्याच्या पानातला लाडू चुकून आपल्या पानात पडला की आपण वाढणाऱ्याकडे बघतो, तसं बघितलं.

पुढच्या वर्षी रोगाची साथ यावी तशी शांतता पसरली. एका शाळेने हुंड्यावरच्या नाटकात शांतता घातली. एकीने प्लॅस्टिकबंदीवर. एका शाळेत सगळी पोरं एकदम रांगेत उभी राहून गप्प झाली, तेव्हा प्रेक्षकांना वाटलं की कुणाला तरी श्रद्धांजली आहे. पुढच्या दोन रांगा उठून उभ्या राहिल्या. मागचे त्यांना बघून उभे राहिले. मंडळाचे अध्यक्ष हात जोडून उभे होते. शेवटी कुणीतरी बारीक आवाजात विचारलं, "गेलं कोण पण?" तेव्हा सगळे बसले.

त्यानंतर नियमांत एक वाक्य वाढलं. 'शांतता विषयाला धरून असावी.' आणि मंडळाने एक खास करंडक सुरू केला, उत्कृष्ट शांततेसाठी. मला परीक्षकपदावरून बढती मिळून मी मार्गदर्शक झालो. मार्गदर्शकाने पहिल्या रांगेत बसायचं असतं आणि काही करायचं नसतं.

त्या मुलीला मी दर वर्षी बघत होतो. सातवीत ती माती झाली. अंगावर तपकिरी चादर घेऊन ती नाटकभर आडवी होती. आठवीत ती पुतळा होती, चौकातला. बाकीची पोरं तिच्याभोवती भांडायची, नाचायची, निवडणूक लढवायची, आणि ती एक हात वर करून उभी. निवेदिका तिचं नाव 'आपल्या सर्वांची शांततेची राणी' असं पुकारायची. मी टाळ्या वाजवायचो.

तो पुतळ्याचा प्रयोग गेल्या वर्षीचा, माझ्या सत्काराच्या दिवशीचा. सत्कार उरकून मी शाल खांद्यावर घेऊन पाण्याच्या कूलरपाशी गेलो, तर मागून हाक आली.

"आजोबा, एक विचारू?"

वळून पाहिलं तर तीच. तोंडाला, हातांना, केसांना चंदेरी रंग. फक्त डोळे तेवढे माणसाचे.

"विचार की."

"पहिल्या वर्षी मी एसटीची कंडक्टर झाले होते ना, तेव्हा शांततेच्या आधी माझं खूप बोलणं होतं. सगळं नाटक माझंच होतं. ते बोलणं कसं झालं होतं?"

कंडक्टर! एवढ्या वर्षांनी मला कळलं.

"उत्तम," मी म्हणालो. "फारच उत्तम."

"पण तुम्ही भाषणात त्याच्याबद्दल काहीच बोलला नाहीत."

"वेळ कमी होता."

"त्यातलं काय जास्त आवडलं? पोरांना दटावते ते, की म्हातारीला बसमधून उतरवते ते?"

"दोन्ही. म्हातारीचं जरा जास्त."

ती माझ्याकडे बघत राहिली. पुतळ्याने असं बघू नये. मग म्हणाली, "पुढच्या वर्षी माझं शेवटचं. दहावीला शाळा नाटकात घेत नाही. बाईंनी आत्ताच सांगितलंय, मी विहीर आहे."

"वा," मी म्हणालो.

"विहीर काय बोलते?" असं म्हणून ती निघून गेली. तिच्या चंदेरी हाताचे ठसे कूलरवर राहिले.

घरी आल्यावर बायकोने दार उघडलं. "शाल मिळाली तरी तोंड असं का?"

मी तिला सगळं सांगितलं. झोप, जांभई, मनोगत, पुतळा. तिने शांतपणे शालीची घडी घातली.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"काय ठाऊक होतं?"

"तुम्ही नाटक बघून रडलात म्हणे. अहो, आपल्या मुलीच्या पाठवणीला सगळं कार्यालय रडत होतं तेव्हा तुम्ही मांडववाल्याशी खुर्च्यांवरून वाद घालत होता. तुम्ही नाटकाला रडाल?"

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही खुशीत होता. मला वाटलं, कुणाचं काही बिघडत नाहीये. पण आता त्या पोरीचं तोंड बंद झालंय तुमच्यामुळे. जाऊन सांगा तिला. आणि हे बघा, जेवून जाऊ नका."

पुढच्या रविवारी आम्ही दोघं रिक्षाने तिच्या गावी गेलो. पत्ता शाळेतल्या बाईंनी दिला होता. डोंगराच्या पायथ्याशी गाव, आजूबाजूला फार्महाउसांची मोठाली फाटकं, आणि त्यांच्यामध्ये तिचं पडवीचं घर. तिची आई अंगणात सुके बोंबील उन्हात पसरत होती. आम्ही कोण ते कळल्यावर तिने आधी हात धुतले आणि मग मला नमस्कार केला.

"तुमीच व्हय शांततेवाले आजोबा? या, या. एक इचारू? तुमी माझ्या पोरीला शांततेचं बक्षीस दिलंत, मंग ती शांतता घरी का नाय दिलीत? सकाळी डोले उघडले की हिचं तोंड सुरू. गुरांशी बोलते, मिक्सरशी बोलते. आन् शालेत म्हने शांततेची राणी हाय!"

मुलगी दारात उभी होती. रंग नसताना तिचा चेहरा लहान दिसत होता.

मी पडवीत बसलो आणि एका दमात बोलून टाकलं. "हे बघ बाळ, त्या दिवशी मी झोपलो होतो. तुझं एक वाक्यही मी ऐकलं नाही. जाग आली तेव्हा तू गप्प उभी होतीस. तेवढंच मी पाहिलं."

"मला म्हायती हाय," ती म्हणाली.

"तुलाही माहीत आहे? कुणी सांगितलं?"

"तुमीच की. नाटकात म्हातारी नव्हतीच."

माझी बायको एवढी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. हसणं थांबल्यावर मुलगी माझ्यासमोर बसली आणि तिने तिच्या बाजूचं सांगितलं. नाटकात शेवटच्या फेरीला बस रिकामी होते आणि तिकीट तपासायला चेकर चढतो. चेकर म्हणजे तिच्या वर्गातला एक मुलगा. त्याला मिशी लावली होती. एन्ट्रीच्या आधी त्याने बाहेर जाऊन वडापाव खाल्ला आणि मिशी त्यात गेली. मिशी नाही तर एन्ट्री नाही, असा बाईंचा दम होता. म्हणून तो विंगेत मिशी शोधत बसला. आणि कंडक्टरला दम होता की कुणी काही चुकलं तरी मनाचं एक अक्षर बोलायचं नाही.

"मंग मी काय करनार? उभी राहिले."

"आणि त्या वेळी तुझ्या मनात काय चाललं होतं?" मी विचारलं. गावाच्या एकटेपणावरचं माझं भाषण मला आठवत होतं.

"हा मेला कुठं, एवढंच."

"मग बक्षीस मिळाल्यावर कुणाला सांगितलं नाहीस?"

"बाईंना सांगायला गेले. त्या म्हनाल्या, आता गप्प बस. मंग मी गप्पच बसले. तवापासून." मग तिने शाळेतल्या भाषेत विचारलं, "आजोबा, मला फक्त एवढंच कळायला हवंय. मला बोलता येतं की नाही? सगळे म्हणतात माझे डोळे छान बोलतात. तोंडाचं कुणी काही सांगतच नाही. आई म्हणते बंद कर."

"म्हणून तर आलोय," मी म्हणालो. "सगळं नाटक करून दाखव. आत्ता."

"आत्ता नाय," आई आतून म्हणाली. "जेवल्याबिगर कोन जानार नाय. तांदलाची भाकरी टाकली हाय, बोंबलाचं कालवन हाय. पाव्हनं पहिल्यांदा दारात आलं न् उपाशी?"

मी बायकोकडे बघितलं. बायकोने आढ्याकडे बघितलं. आम्ही जेवलो. पुन्हा भाकरी, पुन्हा मासे, वर भात, आणि दुपारची वेळ. हात धुऊन आल्यावर आईने माझ्यासाठी पडवीत खाट टाकली आणि त्यावर उशी ठेवली. ती उशी बघून मला घाम फुटला. "मी उभ्यानेच बघणार," मी म्हणालो आणि पडवीचा खांब धरला. बायको मागे उभी राहिली, चिमटा काढायच्या तयारीत.

मुलीने भावाचा खाकी शर्ट अंगात घातला, तिकिटाचं मशीन म्हणून बिस्किटाचा पत्र्याचा डबा गळ्यात अडकवला आणि अंगणात उतरली.

"चला चला, पुढं सरका! ओ काका, पाय आत घ्या, तो काय मागल्या गाडीनं येनार हाय? ए दप्तरं, दप्तरं खाली घ्या, दप्तराचं तिकीट लावीन! ताई, कोंबडी मांडीवर घ्या. नाय, तिचं अर्धं नाय, कोंबडीला अर्धं तिकीट नसतं!"

अंगणात कुणी नव्हतं, पण ती सरकत, धक्के खात, वाकून तिकिटं फाडत गेली, आणि बस भरली. मला झोप आली नाही. दोन चिमटे उगाच बसले.

ती थांबली, धापा टाकत. "कसं?"

इथे मी जपून लिहितो, कारण तिथेही मी जपून बोललो. सहावीपासून तिला कुणी खरं सांगितलं नव्हतं. मी पुन्हा 'उत्तम' म्हणालो असतो तर ती दुसरी झोप झाली असती.

"घाई करतेस," मी म्हणालो. "फार घाई. वाक्याचा शेवटचा शब्द गिळतेस. आणि कोंबडीच्या तिकिटाला लोक हसायच्या आधी तू स्वतःच हसतेस."

आईचा हात बोंबलांवर थांबला. मुलगी माझ्याकडे बघत होती.

"म्हणजे वाईट?"

"वाईट नाही. बस भरली होती. मला कोंबडी दिसली. पण तू तिला नीट बसू दिली नाहीस."

तिच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं, बक्षीस घेताना जे आलं नव्हतं ते. "परत करते," ती म्हणाली. तिने परत केलं. मग परत. आई म्हणाली, "झाली आता सुरू." आम्ही परत निघालो तेव्हा रिक्षाच्या मागे तिचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता, आणि शेवटचे शब्द अजून गिळलेलेच होते.

शाळेतल्या बाईंना भेटायला मी दुसऱ्या दिवशी गेलो. शिक्षकांच्या खोलीत मी पहिलं वाक्य बोललो मात्र, त्यांनी उठून दार लावलं.

"सर, हळू बोला. तो करंडक मुख्याध्यापकांच्या कपाटात आहे. शाळेच्या माहितीपत्रकावर फोटो आहे त्याचा."

"करंडक राहू दे तिथेच. झोप माझी होती, त्यात शाळेची काय चूक? पुढच्या वर्षी तिला बोलू द्या, एवढंच."

"पण विहीर कोण होणार? सगळं नाटक विहिरीवर उभं आहे. विहिरीला शांतता जमायला हवी."

"चेकर झालेला मुलगा काय करतो हल्ली?"

बाई हसायचं की नाही या विचारात पडल्या. शेवटी हसल्या. "तुम्हाला मिशीचंही कळलं तर," त्या म्हणाल्या. मुलीला त्यांनी त्याच खोलीत बोलावून ऐकलं, आणि तिला विहिरीवर पाण्यासाठी भांडणारीचं काम दिलं. मुलगा विहीर झाला.

यंदा स्पर्धेच्या दिवशी मी अध्यक्षांकडे जेवायला गेलो नाही. त्यांना वाईट वाटलं. पोट बिघडलंय असं मी सांगितलं, तेही खोटंच, पण ते राहू दे. पहिल्या रांगेऐवजी मी आणि बायको बाजूच्या खुर्च्यांवर बसलो. पडदा वर गेला. मध्यभागी मुलगा गोणपाट पांघरून गोल बसला होता. आणि मग ती कमरेला पदर खोचून आली आणि सुरू झाली. काय भांडली! घागरीवरून, रांगेवरून, टँकरवरून, शेजारणीच्या नवऱ्याच्या बुलेटवरून. लोक हसत होते आणि ती त्यांच्यासाठी थांबत होती. कोंबडीपासून एवढं शिकली होती.

आणि मग, ऐन रंगात, ती थांबली.

तोंड उघडं, हात वर. मला लगेच कळलं की ती विसरली. पण सभागृहाला काय कळलं? आमच्या मागची एक आई पुटपुटली, "आली शांतता." कुणीतरी टाळी वाजवली. मग दुसऱ्याने. शांततेची राणी परत आली म्हणून सगळं सभागृह टाळ्या वाजवायला लागलं. विंगेत बाई ओठांवर बोट ठेवून उभ्या होत्या. मनाचं एक अक्षर नाही.

तिने विंगेकडे बघितलं. मग तोंड फिरवून प्रेक्षकांकडे बघितलं आणि कमरेवर हात ठेवले.

"ओ, टाळ्या काय वाजवता? शांतता नाय ही! भांडन इसरले मी. जरा थांबा, आठवतंय!"

नाट्यगृहात असा हशा मी माझ्या हवालदारकीच्या काळातही ऐकला नव्हता. हसू ओसरेपर्यंत तिला वाक्य आठवलं आणि ती पुन्हा भांडायला लागली.

तिला बक्षीस मिळालं नाही. 'विद्यार्थिनीने संहिता सोडली,' असं परीक्षकांपैकी एक जण मनोगतात गंभीरपणे म्हणाले. ते नवीन होते. अध्यक्षांकडे भरपूर जेवलेले दिसत होते. उत्कृष्ट शांततेचा करंडक विहिरीला मिळाला. मुलगा तो घ्यायला गेला तेव्हा त्याने हळूच ओठांवरून हात फिरवून बघितला.

आम्ही बाहेर पडत होतो तर ती गर्दीतून धावत आली. कमरेचा पदर सुटलेला, मागून तिची आई.

"आजोबा! झोपला नव्हतात ना?"

"घागर डोक्यावर ठेवलीस, पण ती भरायची राहिली," मी म्हणालो. "आणि बुलेटचा शेवटचा शब्द गिळलास."

ती मान मागे टाकून हसली, आणि सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात, एकही शब्द न गिळता ओरडली, "आई! आजोबा या वेळेला जागे होते!"

लोक वळून बघायला लागले. कार्यवाहांचा खांद्यातला फोन खाली आला.

"या वेळेला म्हणजे, काका?"

मी बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, "सांगा आता," आणि माझ्या हातातली पिशवी स्वतःकडे घेतली, म्हणजे मला बोलायला दोन्ही हात मोकळे राहिले.